गळकं छप्पर कुणी दुरुस्त करायचं? मुंबईच्या चाळींची गोष्ट

शेतातली कामं उरकून, चुलीवरचा चहा उतरवून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. आज आम्ही तुमच्याशी मुंबईतल्या जुन्या घरांच्या गळतीबद्दल आणि ओलीबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, मुंबईतली भिंत ओली झाली त्याचं आम्हाला काय? पण त्या भिंतीआड राहिलेली माणसं आपलीच होती. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे अशा जिल्ह्यांतून आपले आजे-पणजे, चुलते, मामा गिरणीत आणि गोदीत कामाला गेले. त्यांच्या मनीऑर्डरीवर गावाकडच्या घरांवर कौलं चढली. ते स्वतः मात्र मुंबईत गळक्या खोलीत पथारी टाकून निजले.

म्हणून ही गोष्ट पावसाच्या पाण्यापुरती नाही. छप्पर गळलं तर ते दुरुस्त कुणी करायचं, पैसा कुणी घालायचा आणि घर कुणाच्या नावावर, हे प्रश्न त्यात आहेत. मुंबईत या प्रश्नांवर शंभर-सव्वाशे वर्षं भांडण चाललं, कायदे झाले, माणसंही दगावली. आपल्या गावात आज नवी घरकुलं उभी राहत आहेत. तेव्हा हा इतिहास आपल्याला माहीत असलेला बरा.

पाणी घरात येतं कुठून?

मुंबई ही मुळात सात बेटं. बेटांमधली खाडी, दलदल भरून हळूहळू एक शहर झालं. महालक्ष्मी-वरळीच्या बाजूला भरतीचं पाणी आत यायचं. तिथला बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला आणि आतली खोलगट जमीन कोरडी पडू लागली. पुढे याच सखल भागात गरिबांच्या वस्त्या झाल्या. वरून पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. आपल्या माणदेशात किंवा मराठवाड्यात वर्षभरात पडतो त्याच्या कितीतरी पट. खाली ओली जमीन, वर असा पाऊस आणि बाजूने समुद्राचा खारा वारा. मुंबईच्या घराला तिन्हीकडून पाण्याशी सामना.

जाणत्या गवंड्याला विचारलं तर तो सांगेल, घरात पाणी चार वाटांनी येतं. वरून, म्हणजे फुटलेल्या कौलातून किंवा गच्चीच्या भेगेतून. बाजूने, म्हणजे वाऱ्याबरोबर भिंतीवर मारा करणाऱ्या पावसातून. खालून, म्हणजे जोत्याखालच्या जमिनीतून. वीट आणि माती पाणी वर ओढतात. दिव्याची वात जसं तेल ओढते तसंच. आणि चौथी वाट घरातलीच. मोरीचं पाणी, फुटका नळ, शिजणाऱ्या अन्नाची वाफ, वाळत घातलेले कपडे. चौघींपैकी कोणती वाट आहे हे ओळखल्याशिवाय केलेला उपाय फुकट जातो. ही गोष्ट मनात ठेवा. पुढे ती कामाला येणार आहे.

चाळ कशी बांधली होती

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. दोन वर्षांनी ताडदेवला गिरणी सुरू झाली. मग गिरण्या वाढतच गेल्या. परळ, लालबाग, नायगाव, शिवडी, वरळी हा सगळा भाग गिरणगाव झाला. काम करायला हजारो हात आले. त्यांना राहायला जागा हवी, म्हणून मालकांनी चाळी बांधल्या. एका लांब गॅलरीवर ओळीने खोल्या, टोकाला सगळ्यांचे मिळून संडास आणि नळ. एका गावचे पुरुष मिळून एक खोली घेत. ती गावकीची खोली. गोव्याहून आलेल्यांचीही अशीच सोय होती, तिला ते कूड म्हणत. पाळी संपवून आलेला झोपायचा, पाळीवर निघालेला उठायचा.

या जुन्या चाळी विटांच्या, लाकडाच्या आणि चुन्याच्या. खांब, तुळया सागवानाच्या. वर कौलं. आधी कुंभाराची नळीची कौलं होती. १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी यंत्रावर चपटी कौलं करायला सुरुवात केली आणि ती मंगलोरी कौलं समुद्रावाटे सगळ्या किनाऱ्यावर पोचली. ज्या घरांना गच्ची होती तिथे विटांचे तुकडे आणि चुना कुटून घट्ट कोबा करायचे.

चुना म्हणजे काय, हे आपल्या आज्ज्यांना चांगलं ठाऊक होतं. भट्टीत चुनखडी भाजायची, पाण्यात विझवायची, बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळायची. त्यात कुणी गूळ, कुणी बेलफळाचं पाणी घालायचं. चुन्याची भिंत पाणी पिते खरी, पण ऊन पडलं की ते बाहेरही सोडते. तिला श्वास घेता येतो म्हणा ना! मात्र तिची देखभाल दरवर्षी करावी लागते. पावसाआधी कौलं शाकारायची, फुटकी बदलायची, पन्हळ साफ करायची, भिंतीला चुन्याचा हात मारायचा. कोकणातल्या घरात हे काम घरचीच माणसं करतात. चाळीत ते कुणी करायचं? खोली भाडेकऱ्याची, छप्पर मालकाचं. मालकाला भाड्यात रस, छपरात नाही. गळतीची खरी सुरुवात इथून झाली.

प्लेग आला आणि छपरं उघडली

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी बंदराजवळच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस यांना गाठीच्या तापाचे रोगी सापडले. तो प्लेग होता. थोड्याच महिन्यांत जवळजवळ निम्मं शहर रिकामं झालं. माणसं बोटीने, रेल्वेने, पायी गावाकडे निघाली. आपल्या जुन्या बायका ‘प्लेगाचं साल’ म्हणायच्या ते हेच आणि पुढचे काही हंगाम.

प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा सरकारला माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, रोग अंधारात, घाणीत आणि ओलीत राहतो. म्हणून त्यांनी ओलीवरच हल्ला केला. घरांत खारं पाणी आणि औषधं फवारली, भिंतींना चुना फासला. खोलीत उजेड यावा म्हणून छपरांची कौलं काढली. काही घरांच्या दारावर ‘यू. एच. एच.’ अशी तीन इंग्रजी अक्षरं रंगवली जात. माणसाला राहण्यास अयोग्य, असा त्याचा अर्थ. घरातल्या बाईला ती अक्षरं वाचता येत नव्हती, पण आता इथून निघायचं, एवढं तिला कळायचं. निघून जायचं कुठे, हे मात्र दारावर लिहिलेलं नसे.

कोंदट, ओल्या खोलीत माणूस आजारी पडतो हे खोटं नाही. भिंतीवर बुरशी धरली की दमा आणि खोकला वाढतो, हे आजचे डॉक्टरही सांगतात. पण रोगाचं खापर राहणाऱ्यांच्या माथी फुटलं आणि घर ओलं ठेवणाऱ्या मालकाला फारसं कुणी विचारलं नाही, ही त्या काळाची चूक.

रुंद रस्ते, नव्या चाळी

प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सुधारणा मंडळ नेमलं गेलं. इंग्रजीत त्याला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट म्हणत. या ट्रस्टने गजबजलेल्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले आणि आग्रीपाडा, नागपाडा, परळ अशा ठिकाणी स्वतःच्या चाळी बांधल्या. त्याच बीआयटी चाळी. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाई कित्येक वर्षं राहत होती. ट्रस्टने सुरुवातीच्या काळात जितकी माणसं उठवली तितक्यांना घरं मिळाली नाहीत. उठलेली माणसं शेजारच्या चाळीत शिरली आणि तिथली गर्दी वाढली.

पण ट्रस्टच्या कामात एक शहाणपणाचा नियमही होता. खोलीच्या खिडकीला आकाश दिसलं पाहिजे. त्यासाठी समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या उंचीच्या निदान निम्मी जागा मध्ये मोकळी सोडायची. हिशेब कोनात मांडला होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. आपल्या भाषेत सांगायचं तर भिंतीला ऊन लागू द्या, ओल आपोआप उतरेल. आज गावात घराला घर चिकटवून बांधताना हा नियम आठवायला हवा.

१९२० मध्ये सरकारने आणखी एक खातं काढलं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. त्याच्या चाळी म्हणजे बीडीडी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती, प्रत्येक खोली साधारण १६० चौरस फुटांची. ५०,००० खोल्या बांधायचा बेत होता. झाल्या सोळा हजारांच्या आसपास. या इमारती लाकडाच्या नव्हत्या, सिमेंट-लोखंडाच्या होत्या. लोकांना वाटलं, आता गळती संपली. पण लोखंडी सळईला खारी हवा आणि ओल लागली की ती गंजते. गंजली की फुगते. फुगली की भोवतीचं काँक्रीट फोडते. मग छताचे पोपडे पडतात, सळ्या उघड्या पडतात आणि पाण्याला नवी वाट मिळते. दगडासारखं काँक्रीटही देखभालीवाचून टिकत नाही, हा धडा मुंबईला पन्नास-साठ वर्षांत मिळाला.

एका डॉक्टरीणबाईंनी खोली मोजली

आता आम्ही तुम्हाला एका बाईंबद्दल सांगतो. १९२० नंतरच्या काळात सरकारने गिरणीत काम करणाऱ्या बायकांची, विशेषतः बाळंतपणाच्या काळातली, स्थिती पाहायला डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टरीणबाई नेमल्या. त्या कचेरीत बसून राहिल्या नाहीत. चाळीचे जिने चढून खोल्याखोल्यांतून फिरल्या. एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांना सुमारे १५ फूट लांब आणि १२ फूट रुंद अशी एक खोली दिसली. त्या एका खोलीत सहा कुटुंबं राहत होती. जमिनीवर सहा चुली होत्या. मोठी आणि लहान मिळून माणसं ३०. त्या सहा बायकांपैकी तिघी बाळंतपणाला टेकलेल्या होत्या.

मैत्रिणींनो, क्षणभर हिशेब करा. सहा चुलींचा धूर, सहा भातांची वाफ, तीस माणसांचा श्वास, बाळंतिणीचं शेकशेगडीचं आणि धुण्याचं काम, आणि बाहेर पाऊस. छप्पर अजिबात न गळताही ती खोली ओलीच राहणार. पुरुष कामावर जायचे. ओलीत दिवसभर बसायची ती बाई. कोपरा कोपरा पुसून घ्यायचा, गळतीखाली पातेलं ठेवायचं, भरलं की ओतायचं, अंथरुणं या भिंतीकडून त्या भिंतीकडे ओढायची, न वाळलेली लंगोटी चुलीवर धरायची. हे काम कुठल्याच हजेरीपटावर लिहिलं गेलं नाही.

डॉ. बार्न्स यांनी काय केलं? त्यांनी हळहळ व्यक्त करून सोडून दिलं नाही. त्यांनी लांबी-रुंदी लिहिली, चुली मोजल्या, माणसं मोजली आणि ते सरकारी अहवालात छापून आलं. म्हणून शंभर वर्षांनी आपण त्या खोलीबद्दल बोलू शकतो. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा आणि पैशाचा कायदा झाला, देशातला असा पहिला. त्यामागे अनेकांचे कष्ट होते, पण अशा मोजणीचा त्याला आधार होता. तक्रारीला आकडा जोडला की ती तक्रार कागदावर चढते.

स्वस्त भाडं आणि महाग छप्पर

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत भाडी भडकली, म्हणून १९१८ मध्ये भाड्यावर बंधन घालणारा पहिला कायदा आला. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, त्याहून मोठा कायदा झाला. त्याने जुन्या खोल्यांचं भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलं आणि मालकाला मनाला येईल तेव्हा भाडेकरू काढता येईना. गिरणीतल्या माणसाला हा मोठाच आधार होता. या कायद्यामुळे लाखो कुटुंबं शहरात टिकली.

पण कायद्याला दुसरी बाजूही होती. भाडं पाच-दहा रुपयांवर थांबलं, आणि लाकूड, चुना, गवंड्याची मजुरी वाढत गेली. मालक म्हणाले, एवढ्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही. भाडेकरू म्हणाले, घर आमचं नाही, आम्ही पैसा का घालायचा? कायद्यात लिहिलेलं होतं की घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. त्याने ते केलं नाही तर भाडेकरूने नोटीस देऊन दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापावा. पण कापायची रक्कम भाड्याच्या ठरावीक हिश्शापुरतीच. दहा रुपये भाड्यातून कितीसं कापणार आणि त्यात कौलं कधी बदलणार? हक्क कागदावर होता, हातात काही येत नव्हतं.

दोघांच्या भांडणात पाऊस थांबत नव्हता. तुळयांची टोकं भिंतीत गाडलेली असतात. भिंत ओली राहिली की ती टोकं आतून कुजतात, वाळवी लागते. वरून रंग दिला तर तुळई शाबूत दिसते आणि एके दिवशी बसते. १९६० नंतर दर पावसाळ्यात मुंबईत जुन्या इमारती कोसळू लागल्या. सरकारने १९६८ मध्ये बेडेकर समिती नेमली. १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचनेचा कायदा झाला. त्यातून दुरुस्ती मंडळ आलं, पुढे ते म्हाडात गेलं. जुन्या इमारतींवर एक कर बसवला. त्याला सेस म्हणतात. त्या पैशातून मंडळाने दुरुस्त्या करायच्या. तेव्हा अशा उपकरप्राप्त इमारती मोजल्या त्या १९,६४२ भरल्या. त्यांतल्या १६,५०२ तर सप्टेंबर १९४० च्या आधीच्या.

पहिल्यांदाच सरकारने मान्य केलं की गळकं छप्पर ही एका घराची कटकट नाही, ती सगळ्यांची जबाबदारी आहे. कित्येक चाळींना टेकू लागले, तुळया बदलल्या, माणसं वाचली. पण खर्चाला मर्यादा होती. ती ओलांडली की दुरुस्ती अडायची, आणि इमारत धड पाडलीही जात नसे. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारात एक जुनी इमारत कोसळली आणि तीसहून जास्त माणसं गेली. इतका जुना कायदा असूनही हे घडतं, कारण कायदा आहे म्हणून छप्पर आपोआप दुरुस्त होत नाही. त्याच्या मागे कुणीतरी लागावं लागतं.

वरून सिमेंट, आतून ओल

या सगळ्यात एक गवंडीकामाची चूक फार महाग पडली. १९१४ च्या सुमारास पोरबंदरला सिमेंट तयार होऊ लागलं आणि हळूहळू सगळीकडे मिळू लागलं. सिमेंट लवकर सुकतं, कडक होतं, घाणीची कटकट नाही. मग चुन्याच्या जुन्या भिंतीवर पोपडे आले की गवंडी सिमेंटचा गिलावा मारू लागले. वर ऑइलपेंट. दोन महिने भिंत छान दिसायची.

होतं काय, की आत शिरलेलं पाणी बाहेर पडायची वाटच बंद होते. सिमेंटची भिंत श्वास सोडत नाही. पाणी आत अडकतं, वर चढतं आणि जिथे जागा मिळेल तिथे फुटतं. भिंतीतलं मीठ पांढऱ्या पिठासारखं बाहेर येतं. त्यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. लोणा लागल्यावर पुन्हा सिमेंट, पुन्हा लोणा. प्रत्येक वेळी पैसा जातो तो घरातल्या बाईच्या मिसरीच्या डब्यातला, पिठाच्या डब्यातला, भिशीतला. चार वाटांपैकी पाणी कोणत्या वाटेने आलं हे न बघता भिंत झाकली, की असं होतं.

आपल्या गावातही मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारायची चाल पडली आहे. त्याचंही हेच होतं. माती आणि चुना यांचं जमतं, माती आणि सिमेंट यांचं जमत नाही. जुनं मातीचं घर ठेवायचं असेल तर त्याला मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा हवा.

पावती कुणाच्या नावावर?

गिरणगावात बायकांनी नुसतं पाणी उपसलं नाही. एकेकट्या कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळी बायकांनी चालवल्या. त्याच एका खोलीत, त्याच ओल्या भिंतीशेजारी, पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक रांधून त्यांनी संसार ओढले. किराण्यासाठी सावकाराकडून जबर व्याजाने पैसे घ्यावे लागत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज त्यांच्या हाती दिलं. आज आपले बचत गट जे करतात, त्याची ही एक थोरली बहीणच.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार थांबला, गिरण्या पुढे बंदच पडत गेल्या. कित्येकजण गावी परतले. जे राहिले त्यांच्या खोलीत दुरुस्तीला पैसा कुठून येणार? त्या वर्षांत चाळींच्या छपरांवर निळ्या ताडपत्र्या वाढत गेल्या.

आता जरा कान देऊन ऐका. खोलीची भाडेपावती बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या नावावर असे. भाडेकरू वारला तर खोली कुणाकडे जाणार? १९४७ च्या कायद्यात उत्तर होतं की मरतेवेळी त्याच्याबरोबर राहत असलेल्या घरच्या माणसाकडे. त्याच्याबरोबर राहणारी, हे शब्द नीट ऐका. ज्या बाईने जन्मभर गावी राहून शेत केलं, सासू-सासरे सांभाळले, मुलं वाढवली, ती त्या खोलीत ‘राहत’ नव्हती. खोलीत राहत होता दीर किंवा पुतण्या. म्हणजे नवरा गेला आणि खोलीवरचा तिचा दावाही दुबळा झाला. खोली गळकी होती तोवर तिच्यासाठी कुणी भांडत नव्हतं. पण आता चाळींच्या जागी टॉवर येत आहेत. बीडीडीच्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं द्यायचं ठरलं आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. गळक्या खोलीचं मोल एकदम वाढलं आणि कागदावर नाव कुणाचं, हा प्रश्न घराघरात उभा राहिला.

गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांच्या घरांसाठी म्हाडाने २०१२ पासून सोडती काढल्या आहेत. तुमच्या घरात सासऱ्यांचं किंवा वडलांचं गिरणीचं ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, फंडाचा कागद, ईएसआयचं कार्ड असेल तर ते आजच शोधा. पत्र्याच्या ट्रंकेत, भिंतीला टेकून ठेवलेले कागद ओलीने विरघळतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, फळीवर उंच ठेवा आणि झेरॉक्स काढून गटाच्या पेटीतही एक प्रत ठेवा.

आपण यातून काय घ्यायचं

मैत्रिणींनो, इतिहास ऐकून पदरात काही पडलं पाहिजे. आम्हाला यातून चार गोष्टी दिसतात.

पहिली, गळती दिसली की आधी वाट शोधायची, मग पैसा घालायचा. डाग छताच्या मध्यावर आहे की कडेला? पाऊस पडतानाच वाढतो की उन्हाळ्यातही असतो? पावसाशिवाय असेल तर नळ किंवा मोरी बघा. जोत्यापासून हात-दोन हात वरपर्यंतच असेल तर पाणी खालून चढतंय. घराभोवती चर काढा आणि पागोळीचं पाणी भिंतीपासून लांब न्या. नव्या स्लॅबवर पावसाआधी पाणी ओतून बघा. ते एका जागी साचलं तर उतार चुकला आहे. गवंडी गावात असेपर्यंतच तो नीट करून घ्या.

दुसरी, देखभाल मे महिन्यात. कौलं चाळणं, पन्हळ काढणं, गच्चीवरचा पाला झाडणं याला खर्च थोडा. जुलैत हेच काम दसपट महाग पडतं आणि निसरड्या छपरावर जीवही धोक्यात येतो.

तिसरी, मोजा आणि लिहा. डॉ. बार्न्स यांनी चुली मोजल्या तशी आपण आपल्या वाडीतली गळकी घरं मोजू. कोणत्या घरात किती ठिकाणी गळतं, बाळंतीण किंवा दम्याचं माणूस आहे का, घरकुल कधी मिळालं, काम कसं झालं. अशी यादी घेऊन दहा जणी ग्रामसभेत उभ्या राहिल्या की ग्रामपंचायतीला ती इतिवृत्तात घ्यावीच लागते.

चौथी, नाव. घरकुल योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीत जाऊन आठ नंबरचा उतारा काढा आणि आपलं नाव त्यावर आहे का ते स्वतः बघा. नसेल तर अर्ज द्या आणि पोच घ्या. जी बाई गळतीखाली पातेलं ठेवते, तिचं नाव त्या छपराच्या कागदावर हवं.

मुंबईच्या चाळीत मालक आणि भाडेकरू एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि तुळई कुजली. आपल्या घराचं तसं होऊ द्यायचं नसेल तर काम कुणाचं, पैसा कुणाचा आणि नाव कुणाचं, हे पाऊस येण्याआधी बसून ठरवा. येत्या बैठकीत वर्गणी गोळा झाली की हाच विषय घ्या. कुणाच्या घरात कसली ओल निघाली आणि तुम्ही काय केलंत, ते आम्हाला कळवा. तुमच्या पत्रांतून पुढचं भाषण तयार करू. तोवर नमस्कार!